मधल्या पदाची फोड

परवा भाचीच्या वहीत ६क्ष² + १७क्ष + १२ या वर्गत्रिपदीचे अवयव बिनचूक पाडलेले पाहिले; परंतु समासात पेन्सिलीने लिहिलेला ७२ हा आकडा कोठून आला असे विचारताच, ‘पहिला नि शेवटचा गुणायचा असतो, मामा,’ याहून अधिक खुलासा तिला करता येईना. फर्मानासारखी निमूटपणे पाळली जाणारी ही रीत वस्तुतः अत्यंत सरळ विचारातून निघालेली आहे, आणि तो विचार न सांगता नुसती रीत घोटवून घेणे हा मुलांच्या बुद्धीवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

अवयव पाडणे म्हणजे झालेला गुणाकार उलगडणे. (२क्ष + ३) ला (३क्ष + ४) ने गुणले असता ६क्ष², ८क्ष, ९क्ष आणि १२ अशी चार पदे येतात. पैकी मधली दोन सजातीय असल्यामुळे एकमेकांत मिसळून १७क्ष होतात, आणि कोणाचा वाटा किती होता याचा दाखलाच पुसला जातो. तो परत मिळवायचा कसा? ८ म्हणजे २ × ४ आणि ९ म्हणजे ३ × ३. आता ६ म्हणजे २ × ३ आणि १२ म्हणजे ३ × ४. अंक तेच चार, जोड्या मात्र निराळ्या. म्हणून दोन्हीकडे गुणाकार ७२ च. तेव्हा ज्यांची बेरीज १७ आणि गुणाकार ७२ अशा दोन संख्या हुडकल्या, की २क्ष(३क्ष + ४) + ३(३क्ष + ४) असे लिहून सामाईक कंस बाहेर काढणे एवढेच उरते.

शेवटी १२ ऐवजी ९ असते, तर ५४ ची एकही जोडी १७ भरली नसती. हे आधीच कळते: १७ च्या वर्गातून ५४ ची चौपट वजा केली असता ७३ उरतात, आणि ती वर्गसंख्या नव्हे; मूळ उदाहरणात २८९ तून २८८ जाऊन १ उरतो. ही चौपट येते वर्ग पूर्ण करण्याच्या रीतीतून, जी भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात श्रीधराचार्यांच्या नावे नोंदविली आहे.

हे ऐकून भाचीने वही ओढून घेतली, हाताच्या आडोशाने काहीतरी गुणले, खोडले, आणि ५क्ष² + ३७क्ष + १४ एवढेच माझ्यापुढे सरकवून म्हणाली, ‘आता तुम्ही पाडा.’