आधी जुना प्लॅन मागवा

एमआरआयच्या पडद्यावर उजव्या कानशिलाच्या आत, मेंदूच्या तळाशी, काँट्रास्टने उजळलेली एक वेडीवाकडी कडी दिसते. आत काळोख, भोवती सूज. रिपोर्टात ‘ट्यूमर’ लिहून मोकळं होण्याचा मोह इथेच होतो.

पण काँट्रास्ट उजळतो तो रक्तवाहिन्या झिरपतात तिथे. त्या कॅन्सरमुळे झिरपतात, तशा जुन्या रेडिएशनमुळेही. नाकामागच्या, घशाच्या वरच्या भागातल्या कॅन्सरला साधारण सात आठवड्यांत ७० ग्रेपर्यंत रेडिएशन देतात. कवटीच्या तळाचं हाड ओलांडलं की लगेच कानशिलाकडचा मेंदू, त्यामुळे त्यालाही झळ लागते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, पेशी मरतात. लक्षणं कधी कधी काही वर्षांनी येतात. दक्षिण चीन आणि हाँगकाँगमध्ये हा कॅन्सर जास्त, म्हणून या इजेचा अभ्यासही तिथे पुष्कळ झाला. आपल्याकडे नागालँडमध्ये या कॅन्सरचं प्रमाण मोठं आहे.

या पेशंटलाही आधी असं रेडिएशन झालंय. त्याचा मुलगा पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढतो. त्यावर ‘७० ग्रे, ३५ फ्रॅक्शन’, बस्स. डोस किती ते कळलं, कुठे पडला ते नाही. मग जिथे रेडिएशन झालं तिथून प्लॅनिंगचा डेटा मागवायचा. फिजिसिस्ट प्लॅनिंगच्या जुन्या सीटीवर नवा एमआरआय बसवतो, हाडाला हाड जुळेपर्यंत सरकवतो आणि डोसच्या रेषा चालू करतो. डाग ६० ग्रेच्या रेषेच्या आत पडला, तर संशय रेडिएशनवर. जिथे डोस पोचलाच नाही तिथे असेल, तर मात्र खरंच काळजी.

तरी कवटीच्या तळातली छिद्रं बारकाईने बघावीच लागतात. मूळ कॅन्सर तिथूनही वर चढतो. परफ्युजनमध्ये, म्हणजे रक्तपुरवठा दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, डागात रक्त कमी दिसलं तर मृत पेशींकडे कल झुकतो. बायोप्सीही हमखास नाही, सुई मेलेल्या भागात गेली आणि शेजारी कॅन्सर राहिला असं होतं.

मला सगळ्यात फसवा वाटतो तो औषधाचा गुण. स्टिरॉइडने सूज उतरते. बेव्हासिझुमॅबने तर २०११ च्या एका छोट्या चाचणीत रेडिएशनच्या इजेवर स्पष्ट फरक दिसला. पण ही दोन्ही औषधं ट्यूमरभोवतीची सूजही उतरवतात, त्यामुळे बरं वाटलं म्हणजे निदान ठरलं, असं नाही.

“मग कॅन्सर परत आलाय का, डॉक्टर?” मुलगा विचारतो. आज हो म्हणावं तर मेलेल्या भागावरच पुन्हा रेडिएशन व्हायचं. रिपोर्टात लिहितो: रेडिएशनच्या इजेची शक्यता जास्त, काही आठवड्यांनी त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने पुन्हा एमआरआय.