‘टक्’चा माग

सकाळी ८:४५
कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं हे शेड. शटर अर्ध्यावर अडकतं, मग वाकून आत जायचं. मिस्त्री साठीचे. इंजिनाला हात लावत नाहीत. सेल्फ, अल्टरनेटर, डेल्को, वायरिंग, एवढंच त्यांचं काम. मदतीला एक पोरगा, रोज ४५० रुपये. तो त्यांना मामा म्हणतो. गल्लीतले सगळेच म्हणतात.

९:१५
चहाच्या गाड्यावरची दोन पोरं एक मारुती ८०० ढकलत आणतात. १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली. स्टिअरिंगवर निवृत्त शिक्षक.

“मामा, घरात गार असताना एका सेल्फला उठते. बाजारात बंद केली की नुसतं टक् करते. ढकलून चालू केली तरी धक्के खाते.”

एका गॅरेजात त्यांना नवा सेल्फ टाकायला सांगितलंय. साडेचार हजार.

“बरं झालं गरमच आणलीत, सर,” मामा म्हणतात. “गार झाल्यावर ती मला काही सांगणार नाही.”

९:२५
आधी मीटर. बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे भरलेली. मग हेडलाइट लावून पोराला चावी फिरवायला लावतात. टक्. दिवे जसेच्या तसे.

“बॅटरी उतरली असती तर टकटकटकटक झालं असतं, आणि दिवे मिणमिणले असते. इथं एकच टक्. सेल्फ करंट ओढतच नाहीये.”

आता मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला. लाल वायर सेल्फच्या मागच्या जाड बोल्टावर. चावी. १२.३. लाल वायर सोलेनॉइडच्या पलीकडच्या, मोटारीकडच्या बोल्टावर. चावी. टक्. पुन्हा १२.३.

म्हणजे सोलेनॉइड करंट पुढे देतोय. करंट मोटारीच्या दारात येऊन उभा आहे, मोटार घेत नाही. मामा हातोडीच्या दांड्यानं सेल्फच्या अंगावर हलकेच दोन टोले देतात. चावी. इंजिन गर्रकन फिरतं.

“कार्बन,” ते म्हणतात.

दहा मिनिटं गेली असतील. अजून एकही पाना फिरलेला नाही. मला दिवसातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटलं. बिलात त्याला ओळ नसते.

१०:१०
बॅटरीची मायनस आधी काढली. मग पोरगा खाली सरकतो. एक बोल्ट हाताला लागतो, दुसरा अंदाजानं काढायचा. तापलेल्या सायलेन्सरनं मनगट पोळतं. तो हात झटकतो, पुन्हा घालतो.

१०:४०
सेल्फ बाकावर उघडलाय. आतून मूठभर काळी भुकटी पडते. मोटारीला करंट पोचवणाऱ्या चार कार्बनांपैकी दोन झिजून आखूड झालेत. एक आपल्या खोबणीत अडकून बसलाय. स्प्रिंग त्याला पुढे रेटतेय, तो सरकत नाही. गार असताना कसाबसा टेकायचा, तापला की नाही.

कम्युटेटर काळा पडलाय. मामा बारीक काचपेपरची पट्टी घेतात. एमरी चालत नाही. तिची भुकटी करंट वाहून नेते, खाचेत बसली तर नवा फॉल्ट. मग हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खरवडतात. चष्मा कपाळावर, डोळा कामाला चिकटलेला. अर्धा तास कुणी बोलत नाही.

नंतर आर्मेचर ग्राउलर या तपासणीच्या यंत्रावर. वरून ब्लेड धरून आर्मेचर हळूहळू फिरवायचं. आतलं वाइंडिंग शॉर्ट असेल तर ब्लेड थरथरतं. थरथरत नाही. आर्मेचर चांगलं आहे. साडेचार हजार इथं वाचले.

दुपारी १२:१५
पोरगा सायकलवरून पार्ट आणायला. कार्बनचा सेट १६०, दोन बुश १२०. तेवढ्यात एका रिक्षाचा हॉर्न जोडून होतो, ८० रुपये.

१:३०
कार्बनला डाग देऊन होतो, बुश ठोकून होतात. मग डबा. भाकरी, वांगं, मिरची. पोरगा हात तीनदा धुतो, तरी नखं काळीच.

२:३०
सेल्फ बसला. मोटार झकास फिरते. गाडी चालू होते आणि धक्के खाऊ लागते. ही दुसरी तक्रार, आणि हिचा सेल्फशी काही संबंध नाही.

एक प्लग काढून, वायर लावून, इंजिनावर टेकवून ठेवतात. चावी. ठिणगी पडते, पण पिवळट, मरतुकडी. निळी आणि कडकडीत हवी. डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, झाकण उघडतात. तडा नाही. रोटर ठीक. पॉइंट मात्र जळून खड्डा पडलेले.

“नवे पॉइंट टाकून सोडली तर महिन्यानं हेच. पॉइंट जळाले कशानं?”

पॉइंट उघडताना तिथं उडणारी ठिणगी कंडेन्सर पिऊन टाकतो. तो गेला की पॉइंट जळतात आणि प्लगपर्यंत जोर पोचत नाही. मामा पत्र्याच्या डब्यातून एक जुना, खात्रीचा कंडेन्सर काढतात. जळके पॉइंट तसेच ठेवून फक्त तोच लावतात. ठिणगी निळी होते. एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन बदलल्या तर दोष कुणाचा ते कळत नाही.

३:४०
नवे पॉइंट १९०, नवा कंडेन्सर ९०. फीलर गेजची पाती पॉइंटमध्ये सरकवून ०.४५ मिलिमीटरची फट. कॉइलच्या मायनसला टेस्ट लॅम्प लावून टायमिंग. पॉइंट उघडले की लॅम्प पेटतो. डेल्को केसभर फिरवायचा, पुन्हा बघायचं. चार वेळा केलं.

५:००
रंकाळ्यापर्यंत एक फेरा. मामा चालवतात, सर शेजारी, मी मागं. तळ्याकाठी गाडी बंद. पाच मिनिटं थांबून चावी. उठते. परत बंद. दहा वेळा. दहाही वेळा उठते. तापल्यावरचा फॉल्ट तापवूनच तपासायचा, असा त्यांचा नियम. शेडात आल्यावर चालू इंजिनावर बॅटरी बघतात. १४.१. चार्जिंगही ठीक.

६:१५
पार्ट ५६०, मजुरी ९००. एकूण १,४६०. सर १,५०० देतात, मामा ४० परत करतात. झिजलेले कार्बन आणि जळके पॉइंट कागदात बांधून त्यांच्या हातात.

७:३०
संध्याकाळी एका टेम्पोची टेललाइट झाली, १५०. वही उघडते. दिवसाची मजुरी १,१३०. शेडचं भाडं महिन्याला ६,०००, रोजचे २०० बाजूला. चहाचे ६०. पोराला ४५०.

मामांना ४२० उरले.