शिवनाथ ते चिल्का : पाणथळ, पाहुणे पक्षी आणि शेतकरी

पोलादनगरी भिलाईपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या परिसरातील शेतांतून वाहणारे पाणी एका विख्यात खाडीसरोवराशी जोडलेले आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या डोंगराळ भागातून येणारी शिवनाथ नदी दुर्गजवळून उत्तरेकडे वळते आणि पुढे महानदीला मिळते. हिराकुड धरण ओलांडून महानदी कटकजवळील नराज येथे पोहोचते, तेव्हा तिचे फाटे फुटू लागतात. त्यांपैकी दया आणि भार्गवी या शाखांचे पाणी ओडिशातील चिल्का सरोवरात उतरते. उत्तरेकडून नदीचे गोडे पाणी आणि आग्नेयेकडून समुद्राचे खारे पाणी, अशा मिश्रणावर चिल्काची मासळी, तेथील इरावडी डॉल्फिन आणि हिवाळी पक्षी जगतात.

हे मिश्रण एकदा बिघडले होते. नद्यांनी आणलेल्या गाळामुळे समुद्राकडील मुख अरुंद झाले, क्षारता घटली, पाणवनस्पती माजल्या आणि मासळीचे उत्पादन घसरले. १९८१ मध्ये रामसर यादीत स्थान मिळालेले हे सरोवर १९९३ मध्ये संकटग्रस्त पाणथळांच्या नोंदवहीत गेले. सप्टेंबर २००० मध्ये वाळूचा बांध कापून समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. त्यानंतर मासे, कोळंबी आणि खेकडे यांचे उत्पादन सावरले आणि २००२ मध्ये चिल्काचे नाव त्या नोंदवहीतून वगळले गेले. मुख मोकळे करणे हे अभियंत्यांचे काम होते. वरच्या खोऱ्यातून येणारा गाळ रोखणे मात्र बांधबंदिस्ती करणाऱ्या शेतकऱ्याच्याच हातात असते, आणि या बाजूची चर्चा फार कमी होते.

चिल्काच्या उत्तर काठावरील मंगळाजोडी हे गाव विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून अभ्यासावे असे आहे. येथे पक्ष्यांची शिकार हा अनेक कुटुंबांचा हिवाळी धंदा होता. बंदूक, जाळे आणि विष ही त्याची साधने होती. स्थानिक स्वयंसेवी प्रयत्नांतून शिकारी राहिलेल्यांचीच पक्षी संरक्षण समिती उभी राहिली. कोणता पक्षी कोठे उतरतो, माणूस किती जवळ आला की उडतो, हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होते. त्याचा उपयोग तेवढा बदलला. आज तीच माणसे बांबूच्या काठीने सपाट तळाच्या होड्या ढकलत पर्यटकांना दलदलीतून नेतात. इंजिन नसल्याने तलवार बदक, पाणटिवळे, चक्रवाक काही हातांवरून दिसतात. २०१८ मध्ये जागतिक पर्यटन संघटनेने या उपक्रमाची दखल घेतली.

भिलाईच्या उत्तरेस, पूर्वी दुर्ग जिल्ह्याचाच भाग असलेल्या बेमेतरा जिल्ह्यात, नवागढ तालुक्यातील गिधवा आणि परसदा येथील जुने तलाव असेच पाहुणे पक्षी बोलावतात. छत्तीसगडचा पहिला पक्षी महोत्सव येथेच ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२१ या काळात झाला. महोत्सव तीन दिवसांचा होता. पक्षी मात्र तीन-चार महिने मुक्काम करतात, आणि त्या काळात तलावाच्या पाण्यावर शेतीचा हक्क असतो, मासेमारीचाही असतो. खरा प्रश्न येथे सुरू होतो.

पाणबदकांना खोल पाणी फारसे उपयोगाचे नसते. डोके बुडवून चरणाऱ्या बदकांना वीत-दोन वीत खोलीचा काठ लागतो, तर पाणटिवळ्यांना ओला चिखल. रब्बीसाठी तलाव एका झटक्यात उपसला, तर हा काठ काही दिवसांत कोरडा पडतो. पाणी टप्प्याटप्प्याने उतरू दिले, तर दर आठवड्याला नवा चिखल उघडा पडत जातो. म्हणून सिंचनाच्या पाळ्या ठरविताना पाणीवापर करणारे शेतकरी, मच्छीमार सहकारी संस्था आणि वनविभाग यांनी हंगामापूर्वी एकत्र बसणे हे पक्षीफलक लावण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.

शेतकऱ्याचे नुकसानही नाकारून चालणार नाही. पट्टकदंब हंस पहाटे कोवळ्या पिकात चरतात. पर्यटकाचा पैसा होडीवाल्याकडे व चहावाल्याकडे जातो आणि पीक मात्र तिसऱ्याचेच खाल्ले जाते, अशी व्यवस्था टिकत नाही. गावसमितीच्या प्रवेशशुल्कातील ठरावीक वाटा काठावरील शेतांसाठी राखून ठेवला, तरच हंसांना हुसकावण्यासाठी फटाके वाजणार नाहीत. दुसऱ्या बाजूला, उघड्या चोचीचे करकोचे धानाच्या खाचरांतील गोगलगायी वेचतात, ही नोंद गोगलगायींनी त्रस्त असलेल्या शेतकऱ्यांच्या उपयोगाची आहे. तलावाच्या पाणलोटात युरियाची मात्रा विभागून देणे, कीडनाशकाची फवारणी काठापासून दूर ठेवणे आणि वापरलेले डबे पाण्यात न धुणे, एवढ्याने बेशरम व जलपर्णीलाही खाद्य कमी मिळते.

पाहायला येणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, सूर्योदयाच्या सुमारास यावे. मळकट किंवा हिरवट कपडे घालावेत, दुर्बीण आणावी आणि बांधावरूनच पाहावे. छायाचित्रासाठी थवा उडविणे हा पक्ष्यांच्या साठलेल्या चरबीचा अपव्यय आहे. परतीच्या हिमालयपार प्रवासाला तीच शिदोरी असते. ड्रोन तर काठावर आणूच नये. गावातील दोन-चार तरुणांना पक्षी ओळखणे आणि मोजणे शिकविले, तर वाटाड्याचे काम गावातच राहील आणि दरवर्षीच्या नोंदींतून पाणीपातळी व पक्षिसंख्या यांचा मेळही घालता येईल. पुढील हंगामाची अशी नोंदवही पाऊस ओसरताच, तलाव भरलेला असताना उघडावी. पहिली नोंद पाणीपातळीची असावी.