कमरेवरचा वळ

मैत्रिणींनो, रात्री परकर सैल केला की कमरेवर काळपट वळ दिसतो ना? आम्हा पालघर-बोईसरच्या बायकांना त्याचं काहीच वाटत नाही. पण २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीची घट्ट नाडी, दुसरीचं आवळलेलं लुगडं. दोघींच्याही कमरेवरच्या जुन्या जखमेत कर्करोग निघाला.

असं का व्हावं? त्वचा सोलली की पेशींतली काही प्रथिनं ‘वाढा, जखम भरा’ असा निरोप देतात. जखम भरली की निरोप थांबतो. वर्षानुवर्षं तिथंच घासलं, तर निरोप चालूच राहतो. त्यात पेशीतली जनुकं बिघडली, की वाढीला आवर उरत नाही.

तेव्हा नाडी रुंद घ्या, सैल बांधा. आणि महिनाभरात न भरणारी जखम लाजेपोटी झाकून ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. वेळीच कळलं, तर ती कापून काढून बरं होता येतं.