ब्राउझरची डागडुजी



जुन्नर तालुक्यांतील बेल्हे गांवचा सोमवारचा बैलबाजार आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. तेथें आलेला शेतकरी बैलाचे दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो आणि मगच सौदा करतो. पण अशाच चोखंदळ शेतकऱ्याच्या घरीं संगणक असला, तर त्याची पाहणी मात्र वर्षानुवर्षें होत नाहीं. सात-बाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बँकेची देवघेव हीं सारीं कामें तर त्यावरच होतात. म्हणून त्यांतील ब्राउझर या साधनाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पानें आपल्यापुढें मांडणारें साधन. अनोळखी माणसांनीं लिहिलेला मजकूर, चित्रें व आज्ञा तें आपल्या घरांत आणून उलगडतें. त्याची रचना लक्षावधि ओळींची. तींत कोठें ना कोठें चूक राहावयाचीच. ती चूक हेरणाऱ्या चोरास आंत शिरण्याची वाट मिळते.

एक उदाहरण पाहूं. 'वेबपी' नांवाच्या प्रकारचीं चित्रें उलगडणाऱ्या भागांत सप्टेंबर २०२३ मध्यें असा एक दोष उघडकीस आला. मापट्यांत पायलीभर धान्य ओतलें तर तें जसें सांडतें, तशी कपटानें घडविलेल्या चित्रांतील माहिती राखून ठेवलेल्या जागेबाहेर सांडे, आणि त्यांतून परक्याच्या आज्ञा संगणकांत चालण्याचा संभव उत्पन्न होई. त्यासाठीं कांहीं उघडावें लागत नसे; पानावर चित्र दिसलें तरी पुरे. क्रोम व फायरफॉक्स या दोहोंतही हाच भाग वापरलेला होता. गूगलनें ११ सप्टेंबर रोजीं क्रोमची दुरुस्ती दिली आणि या दोषाचा गैरवापर आधींच होत असल्याचें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं मोझिलानें फायरफॉक्सची दुरुस्ती दिली.

आतां मुख्य मुद्दा. दुरुस्ती निघते तेव्हां दोष कोठें होता याचा मागही सर्वांस लागतो. जुनी व नवी आवृत्ति ताडून पाहिली कीं जाणत्या चोरास भगदाड नेमकें दिसतें. म्हणून दुरुस्ती निघूनही ती न घेणारा मनुष्य पूर्वीपेक्षां अधिक धोक्यांत असतो. बहुतेक ब्राउझर दुरुस्ती आपण होऊन उतरवून घेतात हें खरें. पण ब्राउझर बंद करून पुन्हां उघडल्यावांचून ती लागू होत नाहीं. सुतारानें नवी कडी ओसरीवर आणून ठेवली, पण दाराला बसविलीच नाहीं, तर तिचा उपयोग काय?

तेव्हां आठवड्यांतून एकदां, बाजाराच्याच दिवशीं म्हणा, एवढें करावें. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यांतील तीन ठिपके दाबावे. 'हेल्प' व त्यांत 'अबाउट गूगल क्रोम' येथें जावें. दुरुस्ती असल्यास ती उतरेल. मग 'रीलाँच' दाबावें. मात्र एखादें पानच "तुमचा ब्राउझर जुना झाला, येथें दाबा" असें ओरडूं लागलें, तर तेथें मुळींच दाबूं नये. खरी दुरुस्ती ब्राउझरच्या आंतूनच घ्यावी.

ज्यांच्या घरीं अद्याप विंडोज ७ आहे, त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या यंत्रावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ति १०९ वी. फेब्रुवारी २०२३ मध्यें ११० वी आली, ती त्यावर चालत नाहीं. अशा यंत्रावर मुलांनीं लेखन शिकावें, हिशेब मांडावे. बँकेचा व्यवहार करूं नये.

या डागडुजीनें सगळी फसवणूक टळेल असें नाहीं. फोनवर विचारणाऱ्यास आपणच ओटीपी सांगितला, तर कोणतीही कडी कामास येणार नाहीं. पण दार उघडें टाकून निजण्याचा दोष तरी आपल्या माथीं राहणार नाहीं. काम दोन मिनिटांचें आहे. तें आज रात्रींच करावें, इतकीच विनंति.