तीन मुख्यमंत्री, एक जंगल आणि दिल्लीचं गृह खातं

नोव्हेंबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या ‘एमएमसी’ विभागाचा प्रवक्ता अनंत याने एक पत्र काढलं. आम्हाला शस्त्रं खाली ठेवायची आहेत, जंगलात विखुरलेल्या साथीदारांपर्यंत निरोप पोचवायला १५ फेब्रुवारीपर्यंत वेळ द्या, तोवर मोहिमा थांबवा, अशी त्यात मागणी होती. पत्र तीन मुख्यमंत्र्यांच्या नावे होतं : महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड; ‘एमएमसी’ ही याच तिघांची आद्याक्षरं. नक्षलवाद संपवण्याची ३१ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली होती केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी, मुदत मात्र मागितली गेली तीन राज्यांकडे. राज्यघटना न मानणाऱ्या माणसाला घटनेची सातवी अनुसूची पक्की ठाऊक होती, असंच म्हणायला हवं. नोव्हेंबर संपायच्या आत, २८ तारखेला, हा प्रवक्ता साथीदारांसह गोंदियात पोलिसांपुढे हजर झाला. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्याच संघटनेतले आणखी काही जण बालाघाटला आणि काही छत्तीसगडात शरण आले. संघटना एक, जंगल एक. पण शरण येण्याचे सोहळे तीन राज्यांत तीन, आणि श्रेयही तीन ठिकाणी वाटलं गेलं.

मग दिल्लीचं गृह मंत्रालय नेमकं करतं तरी काय? देशाच्या अंतर्गत सुरक्षेची जबाबदारी ज्या खात्यावर आहे, त्याच्या ताब्यात गोंदिया जिल्ह्यातलं एकही पोलीस ठाणं नाही. सालेकशाच्या ठाणेदाराची बदली दिल्लीतून होत नाही. ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीचे अगदी पहिले दोन विषय. ठाणेदार, पोलीस अधीक्षक, नक्षलविरोधी सी-६० पथकाचे जवान हे सगळे मुंबईतल्या गृह विभागाचे. टीव्हीवर नुसतं ‘गृहमंत्र्यांनी आदेश दिले’ असं ऐकलं की आपल्याला दिल्ली-मुंबईतला फरक कळेनासा होतो, आणि तो कळू नये असं दोन्हीकडच्या गृहमंत्र्यांना अधूनमधून वाटतही असावं.

उत्तर शोधायला नकाशा उघडावा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. उत्तरेला मध्य प्रदेशातलं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली. सालेकसा तालुक्यात दरेकसाच्या डोंगररांगेत उभं राहिलं की दोन्ही शेजारी राज्यं हाकेच्या अंतरावर वाटतात. याच डोंगरात कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेच्या सुमारास तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात आणि राज्याची सीमा कुठे ओलांडली याची कोणी नोंद ठेवत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात मजूर असेच इकडून तिकडे जातात. सोयरिकी तर कायमच्याच.

माओवाद्यांनीही सीमा मानली नाही. त्यांच्या एका डिव्हिजनचं नावच ‘जीआरबी’ होतं : गोंदिया, राजनांदगाव, बालाघाट. दरेकसा दलम, टांडा दलम, मलाजखंड दलम अशी त्यांची पथकं, आणि हुकूम सोडणारी समिती एकच. समोर मात्र तीन पोलीस अधीक्षक, तीन महासंचालक, तीन गृहमंत्री. गोंदिया पोलिसांनी पाठलाग सुरू केला की दलमने सीमेपलीकडे पाऊल टाकायचं, एवढं साधं गणित होतं. पलीकडच्या ठाण्याला वेळेत निरोप गेला तर ठीक. नाही गेला तर पायपीट वाया.

दिल्लीच्या खात्याचं प्रयोजन या फटीत आहे. अनुच्छेद ३५५ प्रमाणे प्रत्येक राज्याचं परकीय आक्रमणापासून आणि अंतर्गत अशांततेपासून रक्षण करणं हे केंद्राचं कर्तव्य. हाती ठाणी नाहीत, कर्तव्य मात्र आहे. त्यामुळे या खात्याची हत्यारं निराळी आहेत : पैसा, जादाची कुमक, माहिती, बंदी घालण्याचा अधिकार, आणि एक यादी.

हा सगळा कारभार पाहण्यासाठी मंत्रालयात १९ ऑक्टोबर २००६ रोजी डाव्या अतिरेकी चळवळीसंबंधीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हा गृहमंत्री होते लातूरचे शिवराज पाटील. नक्षलबारीचा उठाव झाला १९६७ मध्ये. त्या वेळी या खात्यात यशवंतराव चव्हाण होते. पुढे शंकरराव चव्हाण दोनदा, आणि २०१२ ते २०१४ सुशीलकुमार शिंदे. सरदार पटेलांच्या या खुर्चीत चार मराठी माणसं बसली, तरी त्यातल्या कोणालाही आपल्याच राज्यातल्या शिपायाची बदली करता आली नसती. घटनाकारांनी तशी सोयच ठेवली नाही, आणि बरंच केलं.

आता पैशाचं पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. ‘सुरक्षाविषयक खर्च’ या नावाची एक योजना आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी एसआरई. शेतकऱ्याला ठिबकचं अनुदान मिळतं तसाच हा प्रकार : आधी खिशातून खर्च करा, पावत्या जोडा, मग पैसे येतील. गोळीबारात किंवा भूसुरुंगात मेलेल्यांच्या कुटुंबांना मदत, पोलिसांचं प्रशिक्षण, दारूगोळा, केंद्रीय दलांची वाहतूक आणि संपर्कयंत्रणा, शरण आलेल्यांचं पुनर्वसन, विशेष पोलीस अधिकाऱ्यांचं मानधन, गावात वाटायची पत्रकंसुद्धा, असल्या बाबींचा खर्च राज्य करतं आणि नंतर दिल्लीकडे मागतं. मजबूत तटबंदीची ४०० पोलीस ठाणी बांधायची योजना २०१० मध्ये आली. एका ठाण्याला २ कोटी, त्यातले ८० टक्के केंद्राचे. २००९ मध्ये ३४ जिल्ह्यांसाठी रस्त्यांचा आराखडा झाला, त्यात गडचिरोलीसोबत गोंदियाही होता.

जादाच्या कुमकेचंही तसंच. सीआरपीएफ, सीमा सुरक्षा दल, सीआयएसएफ, आयटीबीपी ही दलं याच मंत्रालयाची. राज्याने मागितली की येतात, आणि सर्वसाधारणपणे मागोमाग त्यांचं बिलही येतं. या थकबाकीवरून राज्यं आणि केंद्र यांच्यात वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालतो. ‘केंद्राने फौज पाठवली’ या मथळ्याखाली हे कोणी छापत नाही. गोंदियात आणखी एक वेगळी गोष्ट दिसते. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १५ इथला, आणि त्याचं दुसरं नाव ‘भारत राखीव बटालियन’. उभारणीच्या सुरुवातीच्या खर्चाचा भार केंद्राने उचलायचा, पुढचा पगार आणि कारभार राज्याने बघायचा, अशी ती योजना. जवान इथलेच, हुकूम मुंबईचा, बीजभांडवल दिल्लीचं. या खात्याचा स्वभाव समजायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत जंगलाच्या तोंडाशी सशस्त्र दूरक्षेत्रं आहेत; लोक त्यांना सरळ ‘एओपी’ म्हणतात. तारेचं कुंपण, वाळूच्या पोत्यांचे मोर्चे, पहाऱ्याचा मनोरा, आणि त्यातच ‘पोलीस दादालोरा खिडकी’. जातीचा दाखला, आधार, शेतकरी सन्मान निधी, नोकरीचा अर्ज, यासाठी तालुक्याला जायला एक अख्खा दिवस आणि मजुरी बुडते; म्हणून हे काम दूरक्षेत्रातच होतं. गडचिरोलीत रुजलेली ही कल्पना गोंदियानेही उचलली. हातात बंदूक असलेला शिपाई महसूल खात्याचे अर्ज भरून देतो, याला कौतुक म्हणावं की तहसील कार्यालय इथवर का पोचलं नाही असं विचारावं? मला दोन्ही वाटतं, पण दुसरं जरा जास्त.

तरी दिल्ली केवळ पैसे मोजणारी नाही. दोन बाबतींत तिचा हात थेट येतो. भाकप (माओवादी) वर जून २००९ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली, दहशतवादी संघटना म्हणून बंदी आली, ती याच खात्याची अधिसूचना. राज्याराज्याला वेगळा निर्णय घ्यावा लागला नाही. दुसरा हात एनआयएचा. २६/११ नंतर घाईने झालेल्या कायद्याने ही तपास यंत्रणा उभी राहिली आणि राज्याची संमती न घेताही तपास हाती घेण्याची मुभा तिला मिळाली. जानेवारी २०२० मध्ये एल्गार परिषदेचा तपास पुणे पोलिसांकडून असाच काढून घेतला गेला, तेव्हा मुंबईतल्या त्या वेळच्या सरकारने जाहीर नाराजी दाखवली होती. त्या खटल्यातला एक फरार आरोपी मिलिंद तेलतुंबडे हाच एमएमसी विभागाचा प्रमुख. तो १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोलीतल्या मर्दिनटोलाच्या जंगलात चकमकीत मारला गेला, आणि ती मोहीम राज्याच्याच सी-६० ची होती. तपास दिल्लीचा, चकमक महाराष्ट्राची. हे दोन धागे कधी एकत्र विणले जातात, कधी गुंततात.

राष्ट्रीय सुरक्षा म्हणजे सगळं एकाच छत्राखाली, असंही नाही. सीमेवरचं सैन्य संरक्षण मंत्रालयाचं. गोंदिया जंक्शनच्या फलाटावर रेल्वे सुरक्षा बलाचा जवान रेल्वे मंत्रालयाचा, त्याच्या शेजारचा लोहमार्ग पोलीस राज्याचा, आणि दोघांपैकी गृह मंत्रालयाचा कोणीच नाही. उलट जनगणना, पद्म पुरस्कार, स्वातंत्र्यसैनिकांचं निवृत्तिवेतन, राजभाषा हे विषय गृह मंत्रालयाकडे. आपत्ती निवारणही त्यांचंच. ऑगस्ट २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगेने गोंदिया-भंडाऱ्यातली गावं बुडवली. राज्याच्या सीमेपलीकडून संकट येतं आणि निरोप उशिरा येतो, ही तक्रार तेव्हा पुराबद्दल होती. दलमबद्दलचीही तीच.

राहिली यादी. नक्षलग्रस्त जिल्हे कोणते हे मंत्रालय ठरवतं, आणि योजनांचे पैसे त्या यादीच्या मागे जातात. एके काळी देशात १२६ जिल्हे होते. २०१८ मध्ये ९०, २०२१ मध्ये ७०, २०२४ मध्ये ३८, एप्रिल २०२५ मध्ये १८. अडतीसच्या यादीत महाराष्ट्राचे दोन होते, गडचिरोली आणि गोंदिया. अठराच्या यादीत एकटं गडचिरोली उरलं. पण त्याच अठरांत गोंदियाचे दोन परप्रांतीय शेजारीही होते : बालाघाट आणि छत्तीसगडातलं मोहला-मानपूर-अंबागड चौकी. म्हणजे तीन बाजूंना यादीतले जिल्हे आणि मधे यादीबाहेरचा गोंदिया. ज्या जंगलात सीमा कोणी मानली नाही, तिथे कागदावर सीमा आखली गेली, आणि त्यानंतर सातच महिन्यांनी एमएमसीचा प्रवक्ता नेमका यादीबाहेरच्या जिल्ह्यात शरण आला.

यादीतून नाव निघणं चांगलंच. कारखानदार, बँका, लग्नासाठी मुली देणारे, सगळ्यांना ‘नक्षलग्रस्त’ हा शिक्का नडतो; इथली बदली अजूनही शिक्षा समजली जाते. मंत्रालयानेही पूर्वी ग्रस्त असलेल्या जिल्ह्यांसाठी वेगळा वर्ग ठेवला आहे, म्हणजे हात एकदम सोडला जात नाही. पण मदत ओसरत जाणार हे नक्की. धोका मापून पैसा देणाऱ्या खात्याचं काम धोका संपला की संपतं, आणि त्यात त्याची चूक नाही. खिडकीवर दाखला मागायला येणाऱ्याची गरज मात्र धोक्याबरोबर संपत नाही. दूरक्षेत्रांतली किती ठाणी म्हणून राहतील, किती बंद होतील, दाखल्याची खिडकी तहसीलदार घेणार की ती तशीच मिटणार, हे ठरवणं आता दिल्लीच्या हातचं नाही. या भागातल्या आमदारांनी हा हिशेब मागायचा तर तो नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, गृह आणि महसूल या दोन्ही खात्यांच्या मागण्यांवर एकदमच मागावा लागेल.