जोडणारा दांडा

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकखाली तुम्ही कधी नजर टाकली आहे काय? तेथे एक लांब, पोकळ पोलादी दांडा दिसतो. त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. ट्रकचे इंजिन पुढे असते आणि गाडीला ढकलणारी चाके मागे असतात. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून या शाफ्टमार्फत मागच्या चाकांपर्यंत पोहोचते.

गिअरबॉक्स जागेवर घट्ट बसवलेला असतो. मागची चाके मात्र खड्ड्यांतून जाताना कमानींवर वर-खाली होतात. मग सरळ दांडा मोडत कसा नाही? त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो. आपले मिस्त्री त्याला 'क्रॉस' म्हणतात. आपल्या मनगटाप्रमाणे तो वाकतो आणि वाकलेल्या स्थितीतही फिरतो. अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर या तरुणाने मोटारीसाठी असा सांधा तयार केला आणि 1903 साली त्याचे पेटंट मिळवले.

आता एक उदाहरण पाहू. अमेरिकेत जुन्या गाड्यांचे शौकीन पुष्कळ आहेत. 1947 साली बाजारात आलेला शेव्हरोले पिकअप त्यांचा विशेष आवडता. त्याचे मूळ इंजिन आजच्या वेगवान रस्त्यांवर कमी पडते. म्हणून काही जण त्यात नवे इंजिन व नवा गिअरबॉक्स बसवतात. या पिकअपचा मूळ शाफ्ट एका बंद नळीत फिरतो आणि त्याला पुढच्या टोकालाच सांधा असतो. नव्या गिअरबॉक्सला तो जुळत नाही. म्हणून बहुधा मागचा ॲक्सलही बदलतात आणि नव्या मापाचा उघडा शाफ्ट तयार करून घेतात.

माप घेताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. जॅकवर उचलली, तर ॲक्सल खाली लोंबतो आणि माप चुकते. शाफ्टचे पुढचे टोक गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकते. ते पूर्ण आत ढकलून सुमारे 25 मिलिमीटर बाहेर ओढतात. नंतर एका क्रॉसच्या मध्यापासून दुसऱ्या क्रॉसच्या मध्यापर्यंत मोजतात. शाफ्ट लांब झाला, तर खड्ड्यात तो गिअरबॉक्सवर आदळतो. आखूड झाला, तर त्याची पकड सैल होते.

केवळ लांबी जुळून भागत नाही. क्रॉस वाकलेला असला, की पुढे जाणारी गती एकसारखी राहत नाही. समजा, क्रॉस 30 अंशांत वाकला आहे आणि गिअरबॉक्स मिनिटाला 100 फेरे देत आहे. तर शाफ्टची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा 87 पर्यंत उतरते आणि दोनदा 115 पर्यंत चढते. दुसरा क्रॉस तितक्याच अंशांत वाकलेला असेल आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांची बेचकी एका रेषेत असतील, तर हा चढउतार भरून निघतो. तरीही हे कोन अगदी लहान, दोन-तीन अंशांचेच ठेवतात.

शेवटी शाफ्ट यंत्रावर फिरवून त्याचा तोल तपासतात. जी बाजू हलकी भरते, तेथे पोलादाचा छोटा तुकडा जोडतात. वेगात शाफ्ट सेकंदाला 50 फेरे घेतो. तेव्हा थोडासा असमतोलही सारी गाडी हादरवतो. हादऱ्यांनी क्रॉस तुटला आणि पुढचे टोक रस्त्यावर पडले, तर गाडी उलटण्याचाही धोका असतो. म्हणून खबरदारीसाठी शाफ्टभोवती एक मजबूत पोलादी कडे बसवतात.

घाटातल्या पाट्यांवर 'अति घाई, संकटात नेई' असे लिहिलेले असते. ते केवळ गाडी चालवणाऱ्यांसाठी नाही. इंजिन नवे आणि ॲक्सलही नवा. पण त्यांना जोडणारा दांडा घाईने मोजला, तर दोन्ही वाया जातात. म्हणूनच चांगला उस्ताद पोलाद कापण्यापूर्वी पुन्हा एकदा टेप लावतो.

स्वाध्याय
1. माप घेताना गाडी जॅकवर का उचलू नये?
2. शाफ्ट मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर सेकंदाला किती फेरे घेईल?
3. तुमच्या भागातील एखाद्या गॅरेजला भेट द्या. तेथील उस्तादांकडून क्रॉसची माहिती मिळवा व पाच वाक्यांत लिहा.